अवेळचा चहा

सरलाबाईंना चहाची वेळ कळत नाही, ही चारुदत्तराव खांबेट्यांची संसारातली सगळ्यात मोठी तक्रार होती. बाकीच्या तक्रारी चारचौघांच्या असतात तशाच. पण चहाच्या बाबतीत मात्र अतिच झालं होतं. शेडमध्ये एका हातात प्लास्टिक जोडायची तापलेली गन, दुसऱ्या हातात प्लास्टिकची कांडी, कांडी नुकती मऊ होऊन सांध्यात बसायला लागलेली, आणि नेमका तेव्हाच पाठीमागून आवाज यायचा, "अहो, चहा घेताय ना?" आता हा काय चहाचा मुहूर्त झाला? गन बाजूला घ्यावी लागायची, हातातली लय मोडायची, कप तोंडाला लावावा लागायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं की बाई स्टुलावरून उठून थेट कोपराशी येऊन उभ्या. कधी सकाळी एकामागून एक तीन चहा, तर कधी दुपारभर एकही नाही. ताळतंत्र म्हणून नव्हतं.

"तुझ्या चहाला काही काळवेळ आहे का?" ते खेकसायचे.

"वेलची घालून केलाय," सरलाबाई शांतपणे सांगायच्या. जसं काही हे त्या प्रश्नाचं उत्तरच होतं!

खांबेटे कोलकात्यात तिसऱ्या पिढीचे. आजोबा गार्डन रीचला रेल्वेच्या मोठ्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. वडील शाळेत गणित शिकवत. घराण्याची ही पांढरपेशी चाल मोडली ती चारुदत्तरावांनी. पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत ते सुपरवायझर होते. ती बंद पडली तेव्हा दुसरी नोकरी शोधण्याऐवजी त्यांनी गार्डन रीचच्याच एका गल्लीत पत्र्याची शेड घेतली आणि प्लास्टिक जोडायचं काम सुरू केलं. मुलामा देणाऱ्यांच्या आम्लाच्या टाक्या, धूर ओढायचे पाइप, पिंपं, पाण्याच्या टाक्या. चिरलं, फुटलं, उसवलं की गल्लीतले लोक म्हणत, चारुदांकडे न्या. चारुदत्त हे नाव बंगाल्यांच्या तोंडात असं काही चपखल बसलं की अर्ध्या गिऱ्हाइकांना ते बंगालीच वाटायचे. चारुदत्तरावांनीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

शेडमधली मुख्य चीज म्हणजे ती गन. नाव ऐकून भलतंसलतं मनात येतं, पण प्रकार साधा आहे. मुठीत मावेल असा जाड दांडा, पुढे लोखंडी नोझल, मागच्या बाजूला बारीक जाळी. आतला पंखा जाळीतून हवा ओढतो, ती लालबुंद तारेवरून पुढे ढकलतो, आणि नोझलमधून जो वारा निघतो त्याने प्लास्टिक मेणासारखं मऊ होतं. जाळ दिसत नाही, काही नाही, आणि हात मात्र असा भाजतो की विचारू नका. न दिसणारा विस्तव हाच सगळ्यात वाईट, असं चारुदत्तराव म्हणत.

म्हणूनच या गनच्या बाबतीत ते सोवळ्यातल्या भटजीपेक्षा कडक होते. गन टेबलावर आडवी ठेवायची नाही, स्टँडवर, नोझल वर करून ठेवायची. आसपास कापड, कागद, थिनर काही नको. पीव्हीसीचं काम असेल तर दोन्ही दारं सताड उघडी, पंखा चालू आणि तोंडाला मास्क. जाळी नेमाने काढून जुन्या टूथब्रशने घासायची, कारण हवा अडली की तार स्वतःच्याच उष्णतेने जळते. आणि सगळ्यात मोठा मंत्र बंद करतानाचा: आधी जाळ विझवायचा, मग वारा थांबवायचा. आधी बटण फिरवून उष्णता शून्यावर, मग नुसता वारा वाहू द्यायचा, नोझल गार होऊ द्यायचं, आणि मगच स्विच. एकदा शेजारच्या कारखान्यातल्या एका मिस्त्रीने गन मागून नेली आणि काम संपल्यावर थेट प्लग उपटला. चारुदत्तरावांनी त्याच्याशी पुढची पूजा येईपर्यंत अबोला धरला होता.

पण गनपेक्षाही त्यांचं खरं हत्यार होतं नाक. कुणी फुटका तुकडा घेऊन आला की ते पात्याने त्याची बारीक कातळी काढायचे, पेटवून विझवायचे आणि धुराची एक पुसटशी लकेर नाकापर्यंत येऊ द्यायचे. विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला की पॉलिथिन. घशाला झोंबलं की पीव्हीसी. ज्या जातीचं प्लास्टिक, त्याच जातीची कांडी लावायची. परजातीची लावली तर वरून सांधा चकचकीत आणि आतून सुटा. आणि जोडतानाही भिस्त नाकावरच. प्लास्टिक करपण्याच्या जरा आधी त्याचा वास बदलतो, घरातल्या बाईला भाजी लागायच्या आधी कळतं ना, अगदी तसा. तो वास आला की गन उचलायची.

तेच नाक दोन वर्षांपूर्वी एका तापात गेलं.

ताप उतरला, खोकला गेला, नाक काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. चारुदत्तरावांनी वाट पाहिली. उदबत्ती नाकाशी धरून पाहिली, कापूर चुरगाळून पाहिला, एकदा तर बाजारात कोळणीच्या टोपलीवर वाकून उभे राहिले. शून्य. घरी मात्र त्यांनी जाहीर केलं, "आलं बुवा नाक ठिकाणावर." झाकली मूठ सव्वा लाखाची.

लपवायचं कारण होतं त्यांची मुलगी वैदेही. ती न्यू टाउनला एका कंपनीत नोकरीला, तिकडेच राहायची, आणि दर रविवारी घरी आली की तिचं एकच पालुपद, "बाबा, बंद करा आता. वय झालं तुमचं." तिचं मराठी मधूनमधून बंगाली वळण घ्यायचं, पण हे वाक्य कधी चुकायचं नाही. वास येत नाही हे तिला कळलं असतं तर गन त्याच दिवशी हातातून गेली असती. आणि गन गेली की मग राहिलं काय? सकाळी उठून दाढी कशासाठी करायची? चारुदत्तरावांना या विचाराची खरोखर भीती वाटायची.

मग त्यांनी युक्त्या काढल्या. जात ओळखायला आधी कांडीचा एक छोटा तुकडा जोडून पाहायचा आणि पकडीने ओढायचा. सुटला तर कांडी चुकली. पांढऱ्या आणि करड्या मालाला डोळे पुरायचे, कारण करपलं की रंग पिवळटतो. पीव्हीसीचा धूर घशाला कळायचा. प्रश्न होता काळ्या मालाचा. काळ्यावर काळं करपलं तर दिसणार कसं? पण काय आश्चर्य, काळी कामंसुद्धा ठाकठीक होत होती. दोन वर्षांत एक सांधा सुटून परत आला नाही. चारुदत्तराव मनात म्हणायचे, नाक गेलं तर गेलं, हात मुरलेला आहे आपला! त्या हाताचा त्यांना मोठा अभिमान वाटायचा.

सरलाबाई शेडमध्ये यायला लागल्या त्याही त्या तापानंतरच. घर खायला उठतं म्हणाल्या. विजेची किटली, डबा आणि विणकाम घेऊन दारापाशी स्टुलावर बसायच्या. आणि मग तो अवेळचा चहा. चारुदत्तरावांना तो नुसतं गरम गोड पाणी लागायचा, पण दर कपाला ते न चुकता म्हणायचे, "वेलची छान लागतेय हं!" कुणाला शंका यायला नको.

तर असा सगळा कारभार चालला होता, आणि नवरात्र आलं.

कोलकात्यातले कारखानदार विश्वकर्मा पूजेला हत्यारं पुजतात. त्या दिवशी गल्लीभर पतंग उडतात, खिचडी वाटली जाते, आणि चारुदत्तराव सगळ्यांकडे जाऊन जेवून येतात. पण स्वतःची हत्यारं ते पुजणार खंडेनवमीलाच. आजोबा दौत-लेखणी पुजायचे, वडील खडू आणि कंपासपेटी, यांची गन. अष्टमीच्या संध्याकाळी ती घरी यायची, नवमीला सकाळी पाटावर बसायची. शेजारी पकड, पातं, कांड्यांची जुडी. पूजा सरलाबाई करायच्या, आणि हळदीकुंकवाला हात आखडता घेणं त्यांना माहीत नव्हतं. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूची फुलं. गन नवरीसारखी नटायची. मग हत्याराला दिवसभर विश्रांती. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली की चारुदत्तराव गच्चीत जाऊन बसायचे, जाळी काढायचे, एकेक अक्षत टिपायचे, सगळं घासूनपुसून लख्ख करायचे. पुजायचं नवमीला आणि झाडायचं दसऱ्याला, असा घरचा शिरस्ता.

यंदा नवमीला पूजा आटोपून ते पानावर बसतायत न बसतायत तोच फोन वाजला. बेहाल्याच्या एका इमारतीचे सेक्रेटरी घोषालबाबू. आवाज रडकुंडीला आलेला. इमारतीची स्वतःची दुर्गापूजा, दुपारी सगळ्या बिऱ्हाडांना भोगाचं जेवण, आणि गच्चीवरची टाकी नळाच्या तोंडाशी चिरून सगळं पाणी जिन्याने वाहून गेलं होतं. डाळ धुवायला पाणी नाही. नवमीच्या दिवशी कोलकात्यात माणूस मिळायचा कुठला? दुकानं बंद, मिस्त्री मंडपात.

"चारुदा, गाडी पाठवतो, पण तुम्ही याच!"

चारुदत्तरावांनी पाटाकडे पाहिलं. "पूजेतलं हत्यार उचलायचं कसं?"

सरलाबाईंनी क्षणभर विचार केला. "देवीच्याच भोगासाठी उचलताय ना? मग उचला." आणि त्यांनी घाईघाईने उत्तरपूजा म्हणून गनवर आणखी मूठभर अक्षता टाकल्या. चारुदत्तरावांनी फुलं बाजूला केली, पंच्याने गन वरवर पुसली आणि पिशवीत घातली. जाळी घासायची ती दसऱ्याला, हे इतकं अंगवळणी पडलेलं की आज ती घासायला हवी हे डोक्यातच आलं नाही.

सरलाबाई पदर खोचून निघाल्याच होत्या. पण टाकीपर्यंत लोखंडी शिडी आहे हे कळल्यावर गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या. त्यांचा चेहरा असा काही उतरला की चारुदत्तरावांना नवलच वाटलं. एवढं काय मोठं पाहायचं होतं त्या टाकीत? सरलाबाईंनी सुट्टीवर आलेल्या वैदेहीला स्वयंपाकघरात ओढलं आणि आत बराच वेळ कुजबुज चालली.

"वैदेही येईल तुमच्याबरोबर," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"कशाला?"

"वायर धरायला!"

गच्चीवर ऊन रणरणत होतं. टाकी काळी कुळकुळीत. खाली मंडपात ढाक, म्हणजे पूजेतले मोठे ढोल, बडवत होते, त्यामुळे बोललेलं ऐकायला जवळ यावं लागत होतं. घाई असली तरी चारुदत्तरावांनी क्रम सोडला नाही. पाण्याचा कॉक बंद केला, उरलेलं पाणी उपसलं, चिरेभोवतीची जागा कोरडी ठणठणीत पुसली. जमिनीवरची ओल फडक्याने टिपून घेतली आणि वायर त्यावरून न नेता कठड्यावरून फिरवली. अर्थिंगचा सॉकेट आहे ना ते पाहिलं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही, मग पात्याने चीर खरवडून तिची खाच केली. घोषालबाबू डोक्यावर उभे राहून हात चोळत होते, त्यांना खाली पिटाळलं. गन सुरू केली. आवाज किंचित चढा वाटला खरा, पण ढाकांच्या दणदणाटात कोण खात्री देणार? कांडी खाचेत टेकवली आणि काम सुरू झालं.

वैदेही वायर धरून उभी होती. थोड्या वेळाने तिने नाक आक्रसलं.

"बाबा, कसला तरी वास येतोय."

दोन वर्षं सराव केलेलं उत्तर तयारच होतं. "प्लास्टिक तापवतोय, वास येणारच."

"प्लास्टिकचा नाही. हळद जळल्यासारखा येतोय."

"खाली भोगाची फोडणी पडली असेल."

"खाली पाणीच नाही, फोडणी कसली बाबा?"

चारुदत्तराव चपापले. हवेत तोंड करून त्यांनी दोनदा श्वास ओढल्यासारखं केलं. "हं, येतोय खरा थोडासा," ते म्हणाले, आणि कांडी पुढे सरकवली.

वैदेहीने वडिलांकडे पाहिलं. गनच्या मागून आता पिवळट धुराची रेघ निघत होती, आणि बाबांची नजर मात्र सांध्यावर होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि एकदम ओरडली, "बाबा, चहा घेता का?"

चारुदत्तरावांचा हात आपोआप मागे आला. गन सांध्यापासून दूर. दोन वर्षांची सवय होती ती, चहा म्हटलं की गन बाजूला. मग त्यांनी मान वळवून पाहिलं. रिकामी गच्ची. टाकी, शिडी, कुणीतरी वाळत घातलेल्या दोन चादरी. किटली नाही, कप नाही, चहा नाही.

"कुठे आहे चहा?" त्यांनी विचारलं.

वैदेही हातातली वायर उगाच गुंडाळायला लागली.

"वैदेही, आईने काय सांगितलंय तुला?"

"आई म्हणाली," ती खाली बघत म्हणाली, "जळका वास आला की बाबांना काही बोलायचं नाही. फक्त चहा विचारायचा. मी म्हटलं, गच्चीवर चहा कुठून आणू? तर म्हणाली, तू विचार तर खरं, ते बरोबर गन बाजूला घेतात."

चारुदत्तरावांनी बटण शून्यावर नेलं. जाळ विझवला, वारा चालू ठेवला. एवढं हातांनी केलं, कारण हातांना विचार करावा लागत नाही. आणि ते तिथेच टाकीला टेकून उभे राहिले.

मग त्यांना एकेक चहा आठवू लागला. आम्लाची टाकी करताना एकामागून एक आलेले तीन चहा. ती काळी होती. पांढऱ्या पिंपाच्या दिवशी एकही नाही. धुराचा पाइप जोडताना बाई कोपराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि आपण त्यांच्यावर केवढ्याने ओरडलो होतो! तोही काळाच होता. मुरलेला हात! डोंबलाचा मुरलेला हात! दोन वर्षं ज्या हाताची आपण आपल्याशी वाहवा केली, त्याच्यामागे दारापाशी स्टुलावर बसलेलं दुसऱ्याचं नाक होतं. आधी त्यांना संताप आला, आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं म्हणून. मग लाज वाटली. आणि मग ते तोंड फिरवून उगाच टाकी पुसत राहिले.

नोझल गार झालं तेव्हा त्यांनी स्विच बंद केला, प्लग काढला आणि मागची जाळी उघडली. आत काय वर्णावं! हळदकुंकवाचा थर, झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा, आणि भाजून तांबूस झालेल्या अक्षता. आणखी थोडा वेळ गेला असता तर तार जळून गन कायमची बसली असती. वैदेहीला हसू आवरेना. "बाबा, मसालेभात झालाय!"

तेही हसले. आणि हसता हसता, दोन वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेले. "मला वास येत नाही, वैदेही. अजिबात येत नाही."

आता ती म्हणणार, बंद करा. त्यांनी मनाची तयारी केली. खाली ढाक वाजत राहिले.

वैदेही खाली वाकून सांध्याकडे बघत होती. "हे आता काय करायचं?" तिने विचारलं. "भोग राहिलाय त्यांचा."

"जळलंय ते. राख बसलीय आत. सगळं खरवडून पुन्हा भरावं लागेल."

"मग भरा. मी आहे ना वास घ्यायला. पण मला कळेल कसं?"

चारुदत्तरावांनी जाळी झटकली, खिशातल्या टूथब्रशने घासली, आतली घाण फुंकून काढली. गन रिकामीच चालवून राहिलेला कचरा उडवून दिला. आवाज पहिल्यासारखा खाली आला. आधी टाकीच्या झाकणाच्या कडेवर एक कांडी जोडून ओढून पाहिली. पक्की बसली. मग त्यांनी मुलीला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, हातभर लांब उभं केलं. "धूर छातीत ओढायचा नाही. नुसता येईल तेवढा येऊ दे. विझवलेल्या मेणबत्तीचा वास असेल तोवर ठीक. त्यात जरासुद्धा कडवटपणा आला की सांग."

"चहा म्हणून?"

"नको गं बाई. सरळ सांग."

"मेणबत्ती," वैदेही म्हणाली. कांडी खाचेत बसत गेली, दोन्ही कडांना बारीक वळी उठत गेली. "मेणबत्ती. मेणबत्तीच. बाबा, थोडं कडू!" गन वर. पुन्हा खाली. "आता मेणबत्ती." बापलेकींनी तो सांधा असा बोलत बोलत भरला. तो गार झाल्यावर टाकीत पाणी सोडलं आणि दोघं खाली बसून सांध्याकडे टक लावून राहिले. थेंब आला नाही. घोषालबाबू वर येऊन चारुदत्तरावांच्या गळ्यातच पडले, आणि भोगाची खिचडी चढली ती संध्याकाळच्या आरतीच्या आधी पानात पडली.

घरी सरलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"झालं काम?"

"झालं," चारुदत्तराव चपला काढत म्हणाले. "वैदेहीने गच्चीवर चहा विचारला."

सरलाबाईंनी कपाळावर हात मारला. "एक काम सांगितलं होतं या मुलीला!"

"केव्हा कळलं तुला?"

"ताप उतरला त्याच आठवड्यात. चहात वेलची घालायला विसरले होते मी. तुम्ही म्हणालात, वेलची छान लागतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

चारुदत्तराव खुर्चीत बसले. सरलाबाई पुढे म्हणाल्या, "तुम्हाला ती गन सोडवणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, नाकच हवंय ना? माझं आहे की. कुणाला कळायचं कारण काय?"

"आणि तेव्हापासून रोज वेलचीचा चहा."

"कुठली वेलची? तेव्हापासून घालतच नाही. उगाच वाया कशाला घालवायची!"

चारुदत्तराव हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. बायकोचा हात धरून नुसते बसून राहिले. वैदेही पाण्याचा तांब्या घेऊन आली, दोघांकडे बघत थबकली. "आईच्या गुडघ्याचं काहीतरी करायला पाहिजे," ती म्हणाली. "शेडवर रोज जायचं म्हणजे त्रास होतो तिला." कारखाना बंद करा, हे ती त्या दिवशी म्हणाली नाही.

दसऱ्याला चारुदत्तराव गच्चीत बसले आणि गन पार खोलून साफ केली. आणि पुढच्या वर्षापासून मागच्या जाळीवर आधी रुमाल बांधायचा, मग पूजा, असं त्यांनी फर्मान काढलं. सरलाबाईंनी ते ऐकून घेतलं. ऐकलं असं कुणी म्हणणार नाही.

पूजेची सुट्टी संपून शेड उघडली, तेव्हा पहिलंच काम आलं ते काळ्या पाइपचं. सरलाबाई दारापाशी स्टुलावर, किटली बाजूला, हातात विणकाम. चारुदत्तराव टेबलावर ओणवे. आता चोरी कसलीच नव्हती. जळालं तर जळतंय म्हणायला कुणाची बंदी नव्हती. तरी सकाळभरात दोनदा "अहो, चहा" झालं, दोनदा गन वर उचलली गेली, आणि दोन्ही वेळा कप आलाच नाही.

दुपारी कांडी छान बसत होती, तेवढ्यात मागून पुन्हा आवाज आला, "अहो, चहा घेताय ना?"

चारुदत्तरावांनी झटकन गन उचलली, बटण शून्यावर नेलं आणि चष्मा नाकावर चढवून सांध्यावर वाकले. बोटाने चाचपलं, नखाने टोकरलं. काही सापडेना. "कुठे जळलं गं? मला तर काही दिसत नाही!"

सरलाबाई कप पुढे करून उभ्या होत्या.

"जळलं कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "चार वाजले. हा खराच चहा आहे. वेलची घातलीय."

गन स्टँडवर नुसता वारा सोडत होती. ती गार होईपर्यंत चारुदत्तरावांनी तो चहा पुरवून पुरवून प्यायला.